मे डोंबिवलीत, जून मालवणात

मे महिन्यात मालवणच्या माणसाने मुंबईला जायचं नसतं, कारण तेव्हा मुंबईच मालवणात आलेली असते. किल्ल्याच्या होडीसाठी धक्क्यावर रांग, तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्यांची कोंडी, आणि सुरमईचा भाव असा की आम्ही गावातली माणसं नुसती बघून पुढे जातो. २०२५ च्या मेमध्ये आई आणि मी दोघी नेमक्या उलट दिशेने गेलो. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मी शाळेत शिकवते, सलग सुट्टी मिळते ती याच महिन्यात. ऑपरेशन इकडेही झालं असतं. जिल्ह्यात होतात, आणि काही मोठं दुखणं असलं की आमच्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात धावतातच. पण भाऊ डोंबिवलीला, वहिनी घरात असते, एका डोळ्यानंतर दुसऱ्याला काही आठवडे थांबायचं, शिवाय दिवसातून इतक्या वेळा थेंब घालायला माणूस हवं. म्हणून डोंबिवली.

तिथल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिसरा मजला, दोन खोल्या, त्यातली एसीची भावाने आईला दिली. आई काळा चष्मा लावून पलंगावर बसायची आणि मी घड्याळाकडे बघत थेंब घालायची. हळूहळू मात्र मला त्या शहराची सवय झाली. रात्री दहाला दूध संपलं तर फोनवरून मागवावं, चहाचं आधण उकळेपर्यंत दारात हजर. खाली उतरताना कोणी विचारत नाही, ‘खंय चल्लंस?’ म्हणून. पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटतं, मग त्याची चटक लागते. खोटं कशाला बोलू, मला लागली.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या नव्या पुतळ्याचं पूजन झालं तेही मी डोंबिवलीत बसून फोनवर बघितलं. शेजारच्या काकींनी त्या गर्दीत उभं राहून मला सगळं दाखवलं, म्हणजे मुख्यत्वे पुढच्या माणसाचं डोकं दाखवलं.

मग २० मेच्या आसपास गावाहून वेगळे फोन यायला लागले. ‘पाऊस लागलो.’ आईला वाटलं वळवाचा असेल, दोन सरी पाडून जाईल. तो गेलाच नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला होता, आणि त्याच्या पाठोपाठ मान्सूनच येऊन धडकला. केरळात २४ मेला, मुंबईत २६ मेला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदी काढल्या तर इतक्या लवकर तो कधी आलाच नव्हता असं हवामान खात्याने सांगितलं. डोंबिवलीत त्या दिवशी सगळी चर्चा लोकलची. भाऊ भिजून, चिडून, रात्री उशिरा घरी आला. आई एका डोळ्यावर हात ठेवून खिडकीपाशी उभी होती आणि तिला लोकलशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, ‘रातांबे गेले.’

ज्याला हे माहीत नाही त्याला त्या दोन शब्दांतला आकांत कळायचा नाही. आमच्याकडे मे महिन्याचा उत्तरार्ध आगोटीचा असतो, पावसाळ्याच्या बेगमीचा. खळ्यातला मांडव सोडायचा. नळे परतून घ्यायचे, म्हणजे छपराची कौलं काढून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. लाकडं मांगरात, म्हणजे घराजवळच्या खोपटात, रचायची. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून त्यांची सालं आगळात, त्यांच्याच खारवलेल्या रसात, बुडवत पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, तेव्हा कुठे आमसुलं होतात. फणसाची साठं, मिरच्या, कुळीथ, सगळ्याला ऊन दाखवायचं. सुके बांगडे आणि गोलमा डब्यांत भरून झाकणाला फडकं बांधायचं. या सगळ्यासाठी लागतं कडकडीत ऊन, आणि त्या वर्षी ते नेमकं शेवटच्या आठवड्यांत पळालं. आम्ही घरी नव्हतो म्हणून आमचं राहिलं, पण जे घरी होते त्यांचंही राहिलंच. आईला याचं थोडं समाधान होतं असं मला वाटतं. तिने ते कबूल केलं नसतं.

दुसरा डोळा झाला, शेवटची तपासणी झाली, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोकणकन्येने निघालो. मेमध्ये या गाडीचं तिकीट मिळवायचं तर साठ दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळी बोटं तयार ठेवून बसावं लागतं. आम्हाला जूनमध्ये आईसाठी खालचा बर्थसुद्धा अगदी सहज मिळाला. गर्दी होती ती समोरून येणाऱ्या गाड्यांना. आंब्याच्या पेट्या, फणस आणि रडवेली पोरं घेऊन मुंबई मुंबईला परतत होती. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक त्या वर्षी १५ जूनपासून होतं. त्यानंतर गाड्यांचा वेग उतरवतात, दरडीची भीती असते म्हणून. आम्ही त्याच्या आधी सुटलो.

उजाडलं तेव्हा आई उठून खिडकीशी बसली होती आणि पाट्या वाचत होती. मोठ्याने. ‘वैभववाडी रोड.’ मग ‘नांदगाव रोड.’ कणकवली येईपर्यंत समोरच्या बर्थवरचा मुलगाही जागा झाला. गेल्या काही वर्षांत तिला स्टेशन गाडी थांबल्याच्या धक्क्यावरून आणि चहावाल्यांच्या आवाजावरून कळायचं. आता ती अक्षरांना भेटत होती. हिरव्या रंगाबद्दल तिचं म्हणणं होतं की तो इतका कधीच नव्हता. पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं आणि भिंग बदललं की रंग एकदम उजळतात, निळे तर फारच, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तिला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘तुका काय कळता, पाऊस बरो झालो म्हणान हिरवा दिसता.’ दोन्ही खरं असेल.

कुडाळला उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता. रिक्षा, मग एसटी. नेरूरपारच्या पुलावरून कर्ली लाल होऊन वाहत होती. गाडीत अर्ध्या सीट रिकाम्या. मेमध्ये याच गाडीत उभं राहायला जागा नसते. कंडक्टरने तिकीट देताना आईच्या काळ्या चष्म्याकडे बघून विचारलं, ‘मुंबयत केलास? एक की दोनय?’ डोंबिवलीतल्या माझ्या मोकळेपणाचा शेवट इथे झाला. चौके येईपर्यंत अख्ख्या गाडीला ऑपरेशन कोणी केलं, भिंग कसलं घातलं आणि भावाचा फ्लॅट स्वतःचा आहे की भाड्याचा हे माहीत झालं होतं.

घराची किल्ली काकींकडे. त्या अधूनमधून दार उघडून वारा घालत होत्या, तरीही दार फुगून बसलं होतं. खांदा लावल्यावर आत गेलं. बंद घराला पावसाळ्यात एक वास येतो. बुरशी, ओलं लाकूड, वाळवी, उंदीर, सगळं त्यात असतं, आणि तो जायला उदबत्त्यांपेक्षा माणसं राहायला लागतात. माझ्या चामड्याच्या चपलांवर पांढरी लव आली होती. पडवीत दोन ठिकाणी आणि माजघरात एका ठिकाणी गळत होतं, आणि त्या प्रत्येक जागी काकींनी घमेलं ठेवलेलं होतं. आमच्याच न्हाणीतलं, आमच्याच मांगरातलं, आणि एक त्यांचं स्वतःचं.

मी दिवे लागतात का ते बघत होते. लागत नव्हते. आई मात्र माजघराच्या मध्यभागी चष्मा काढून उभी राहिली आणि चारी बाजूंना बघायला लागली.

‘आपला घर असा होता?’

मी म्हटलं, ‘असंच होतं.’

‘भिंती काळ्यो कोणी केल्यान?’

कोणी केल्या नव्हत्या. ते वर्षानुवर्षांचं होतं. चुलीचा धूर, देवाच्या दिव्याची काजळी, पावसाळ्यातली ओल. ते तिच्या डोळ्यांआड थोडं थोडं साचत गेलं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर, पण मीही बघायचं सोडलं होतं. तिने कोळिष्टकं मोजायला सुरुवात केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आणि तुझे केस इतके कधी पिकले गो?’

पुढचा आठवडा कसा गेला ते मला आठवतं ते एकापाठोपाठ एक कामांच्या रूपात. डोंबिवलीत मी राहत होते, एवढंच. पाणी नळाला येत होतं, ते उल्हास नदीचं की बारवी धरणाचं याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. इथे विहिरीत डोकावलं तर पाणी काठाजवळ आलेलं आणि चहाच्या रंगाचं. त्यात ब्लीचिंग पावडर टाकून थांबायचं, मग पंप लावायचा, पण पंपाला वीज हवी, म्हणून कळशीने ओढायचं, आणि प्यायचं पाणी गाळून उकळायचं. उकळायला चूल नाही, कारण डॉक्टरांनी धुराला सक्त मनाई केलेली. आईला गॅसवर आंघोळीचं पाणी तापवणं म्हणजे उधळपट्टी वाटते. ती मी बघत नसताना न्हाणीतल्या चुलीपाशी जायची आणि मी तिला हाताला धरून परत आणायची. शेवटी मी आगपेटीच लपवली. तसाही फायदा नव्हता, लाकडं भिजून चिंब होती. मांगरातला ढीग हलवायला गेले तर काकी कुंपणापलीकडून ओरडल्या, ‘हात घालू नको, जनावर आसतला!’ होतंच. धामण होती, बिचारी, तिलाही कोरडी जागा हवी होती. तिला जाऊ दिलं आणि मी संध्याकाळपर्यंत मांगराकडे फिरकले नाही.

नळे परतणाऱ्या दादांकडे गेले. ते पडवीत विडी ओढत बसले होते. म्हणाले, ‘पावसान उघडीप दिल्यान काय येतंय.’ हे वाक्य ते वाडीतल्या प्रत्येकाला सांगत होते. ओल्या कौलांवर पाय घसरतो आणि ओलं कौल पायाखाली मोडतं, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. माकडांनी फोडलेल्या जागी तात्पुरतं प्लास्टिक सारायला त्यांनी त्यांच्या मुलाला पाठवलं. तो वर चढला, काम केलं, खाली उतरून चहा प्यायला आणि पैसे घ्यायला तयार होईना, कारण मी त्याला पाचवीला शिकवलं होतं. मग पैसे कसे द्यायचे? द्यायचे नाहीत. त्याच्या आईकडे काहीतरी नेऊन द्यायचं. हे हिशोब डोंबिवलीत विसरायला झाले होते.

एकदा विजेचा दिवा आणायला दुपारी दोन वाजता बाजारात गेले आणि बंद फळ्यांसमोर उभी राहिले. मालवणचा बाजार दुपारी जेवून झोपतो, चारशिवाय उठत नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी पाय गेले. एक रिकामटेकडा कुत्रा आणि मी, एवढेच जण बाजारपेठेत जागे होतो. पुढे बंदराकडे गेले. किल्ल्याच्या होड्या बंद, पॅराशूट आणि स्कूटरवाल्या बोटी बंद, घरगुती निवासांच्या पाट्यांना प्लास्टिक गुंडाळलेलं. मोठ्या होड्या वर ओढून झावळांनी, ताडपत्र्यांनी शाकारलेल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या वर्षी वादळी हवेमुळे अनेकांनी बोटी त्याच्या आधीच वर घेतल्या होत्या. समुद्र मातीच्या रंगाचा, आणि गाज अशी की बोलायचं तर जवळ जावं लागत होतं.

सुट्टीत येणारे पाहुणे दर वर्षी मला म्हणतात, ‘काय मजा आहे तुमची, रोज समुद्र!’ त्यांना या महिन्यात इथे आणून ठेवावं असं मला नेहमी वाटतं. शिक्षा म्हणून नव्हे. मे महिन्यातलं मालवण आम्ही त्यांच्यासाठी आवरून ठेवलेलं असतं, भाव त्यांचे, वेळा त्यांच्या, बोलणंसुद्धा जरा पुस्तकी. जूनमध्ये पाहुणा कोणी नसतो. बाजारात मालवणीतच भांडतात. बँकेत रांग नसते. ज्या माणसाला मेमध्ये मान वर करायला सवड नव्हती तो दुकानाच्या पायरीवर बसून तुमची चौकशी करतो, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाही. ‘आवशीच्या डोळ्यांचा झाला मां?’ हा प्रश्न मी त्या आठवड्यात किती जणांकडून ऐकला असेन! डोंबिवलीची चटक लागलेल्या मला तो सुरुवातीला टोचत होता. थोडक्यात उत्तर द्यायचं आणि निसटायचं असं ठरवून मी बाहेर पडायची. जमायचं नाही.

आगोटीचं बरंचसं काकींनीच निभावलं होतं. आमच्या झाडाचे रातांबे त्यांनी गोळा केले, ऊन नाही म्हटल्यावर आमसुलांचा नाद सोडला आणि सरळ मीठ घालून आगळ काढून बाटल्यांत भरला. त्याला ऊन लागत नाही. सोलकढी वर्षभर होईल, आमटीत घालायला आमसूल मात्र विकत आणावं लागेल, असा निकाल त्यांनी दिला. आईला हे पटलं नाही. तिच्या मते एक दिवस जरी ऊन पडलं होतं तरी थोडी वाळवता आली असती. त्या दोघींचं यावर बरेच दिवस चाललं, आणि ते चाललं याचा मला आनंद होता, कारण डोंबिवलीत आई कोणाशीच भांडली नव्हती.

मासे बंद म्हणजे अगदीच बंद नसतात. खाडीतलं येतं. तिसऱ्या, मुळे, काळुंदर, आणि पाऊस उघडला तर बिनयंत्राच्या छोट्या होडीवाल्यांचं थोडंफार. आईला बाजारात न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, चिखल आणि गर्दी म्हणून. ती छत्री घेऊन माझ्या आधी तयार. नेहमीच्या मासेवालीपुढे ती वाकली, काळुंदराचे कल्ले उघडून बघितले, डोळा बघितला, पुन्हा खाली ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. मासेवाली हसायला लागली. आई म्हणाली, ‘इतकी वर्सां माका कसले मासे घातलंस गो?’ बाजूच्या दोघी-तिघी पोट धरून हसल्या. मासेवालीने टोपलीच्या तळातून चांगले चार काढले. ते तळाशी होते, हे आईने घरी येईपर्यंत मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

१६ जूनला शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुलांना फुलं देतात, नवी पुस्तकं देतात. आमच्या शाळेत या दिवशी एक गोष्ट होते जी इतर वेळी होत नाही: वडील येतात. डिसेंबरात पालकसभा बोलावली तर आयाच येतात, कारण बाप समुद्रावर. जूनमध्ये होड्या वर असतात, दिवसभर जाळी सांधण्याचं काम, त्यामुळे तासभर मोकळा काढता येतो. ते मागे भिंतीला टेकून उभे राहतात, छत्र्यांचं पाणी फरशीवर गळत राहतं, आणि मुलाचं नाव पुकारलं की इकडे तिकडे बघतात. वर्षभर ज्यांच्याशी बोलायचं राहून जातं त्यांच्याशी मी या दोन महिन्यांत बोलून घेते. एका मुलाच्या वाचनाबद्दल त्याच्या वडिलांशी बोलायचं गेल्या दिवाळीपासून राहिलं होतं. ते झालं. त्यांनी आधी विचारलं, ‘बाई, आवशीच्या डोळ्यांचा झाला मां?’ मी सगळं सांगितलं. दोन्ही डोळे, कुठे, कधी, भिंग कसलं. मलाच जरा नवल वाटलं की मी घाईत नव्हते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भावाचा फोन. गणपती २७ ऑगस्टला, गाड्यांची आरक्षणं उघडताहेत आणि वेबसाईटवर काही क्षणांत सगळं संपतंय. ‘तू कुडाळला खिडकीवर उभी राहून बघशील का?’ मी गेले. पहाटे पोचले तरी माझ्या पुढे माणसं होती, बहुतेक आमच्यासारखीच, मुंबईतल्या भावा-पुतण्यांसाठी आलेली. माझा नंबर आला तोवर प्रतीक्षा यादी बरीच लांबली होती. घेतलं तेच. संध्याकाळी भावाला कळवायला फोन लावला तर आईने माझ्या हातातून घेतला.

‘येवा,’ ती म्हणाली, ‘पण आधी रंगाचे पैसे पाठय. गणपती असल्या भिंतीत बसवचंय नाय मी.’

भाऊ म्हणाला, गेल्या वर्षी तर याच भिंती होत्या.

‘गेल्या वर्सा माका दिसत नव्हत्यो,’ आई म्हणाली, आणि कुठल्या खोलीला कुठला रंग ते सांगायला लागली. रंगारी अर्थातच म्हणतोय की उघडीप मिळाली की येतो.